तीन कोटेशनं आणि एक हृदय

कोटेशनरावांच्या घरात टोमॅटोसुद्धा तीन कोटेशनांशिवाय येत नसत. बाजारात पहिल्या गाळ्यावर भाव विचारायचा, चेहरा कोरा ठेवून पुढे सरकायचं, दुसऱ्या गाळ्यावर विचारायचा, तिसऱ्यावर विचारायचा आणि मग सगळं मनात मांडून पहिल्या गाळ्याकडे परत यायचं. तोवर तिथले टोमॅटो संपलेले असत. मग कोटेशनराव एक भोपळा घेऊन घरी येत आणि "सर्व बाबींचा विचार करता हाच योग्य वाटला," असं म्हणून तो ओट्यावर ठेवत.

यात त्यांचा दोष नव्हता, दोष नोकरीचा. पंपाच्या कारखान्यातल्या खरेदी खात्यात त्यांचा जन्म गेला होता. तिथला नियम असा, की तीन ठिकाणचे भाव मागवल्याशिवाय साधा खिळाही घ्यायचा नाही. नवीन माल असेल तर तिघा दुकानदारांनी एकेक नग आणून स्वतः बसवून दाखवायचा. याला म्हणायचं ट्रायल. जो पास होईल त्याला ऑर्डर, बाकीच्यांनी आपापला नग उचलून घरी जायचं. लोक त्यांना मागून कोटेशनराव म्हणत आणि तोंडावर साहेब. त्यांच्या बायकोला सगळी इमारत वहिनी म्हणे, म्हणून आपणही वहिनीच म्हणू.

लग्न होऊन थोडे दिवस झाले होते, तेव्हा वहिनींनी एकदा थट्टेत विचारलं होतं, "अहो, माझ्या वेळी किती कोटेशनं मागवली होतीत?"

माणूस सरळ. खोटं बोलायची सवय नाही. छताकडे बघत म्हणाले, "तीन."

"आणि मी बरी पास झाले!"

"सर्व बाबींचा विचार करता," कोटेशनराव म्हणाले, "तूच योग्य वाटलीस."

तेव्हापासून घरात भोपळा आला की वहिनींच्या कपाळावर एक आठी उमटायची ती भाजी होईपर्यंत जायची नाही.

तर अशा घरात कॉम्प्युटर घ्यायचा होता.

वहिनींच्या हातात चित्रकला होती. शाळांच्या भिंतींवर जे तक्ते टांगलेले असतात, फुलाचा छेद, कानाचा पडदा, बेडकाचं आतडं, असलं सगळं त्या वर्षानुवर्षं काढत आल्या होत्या. बेडूक असा काढत की तो तक्त्यावरून उडी मारेल की काय असं पहिल्या बाकावरच्या पोरांना वाटे. पण हळूहळू शाळांनी छापील तक्ते घेतले आणि वहिनींचे ब्रश फुलदाणीत जाऊन बसले. फुलदाणी पुसताना वहिनींचा हात जरा जास्त वेळ तिथे रेंगाळायचा. मग त्यांनी कॉम्प्युटरवर चित्रं काढायचा क्लास लावला, आपल्यापेक्षा निम्म्या वयाच्या मुलींशेजारी बसून तो पुरा केला आणि पुस्तकं छापणाऱ्या एका कचेरीत जाऊन तिथल्या संपादकबाईंपुढे उभ्या राहिल्या.

संपादकबाई मोकळ्या होत्या. म्हणाल्या, "तुमचा हात मला ठाऊक आहे हो. पण आता कागदावरचं चित्र आम्ही घेत नाही. आमच्या इथेच चार जुने चित्रकार आहेत, ब्रश सोडायला तयार नाहीत, त्यांचं काय करू या विवंचनेत मी आहे. तुम्ही असं करा, दात, कांद्याची साल आणि हृदय, अशी तीन चित्रं घरच्या कॉम्प्युटरवर काढून पाठवा. पुढच्या शनिवारच्या पुढचा शनिवार, संध्याकाळी पाचपर्यंत. आवडली तर शास्त्राचं अख्खं पुस्तक तुमचं. नाही आली, तर दुसरे एक जण वाट बघतायत."

अख्खं पुस्तक! वहिनी घरी आल्या त्या जिना चढून आल्या की उडून, त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं.

"घेऊ ना कॉम्प्युटर," कोटेशनराव म्हणाले. त्यांनाही मनापासून आनंद झाला होता, फक्त त्यांचा आनंदसुद्धा रीतसर चाले. "पण कुठून घ्यायचा ते बघायला हवं."

"कुठून म्हणजे? दुकानातून!"

"अगं, पण कुठल्या?"

इथून घोळाला सुरुवात झाली.

पहिलं दुकान हमरस्त्यावरचं शोरूम. नुसती काच. आत इतका गारवा की माणूस बाहेर पडायला नको म्हणून तरी काहीतरी विकत घेईल. तिथे गळ्यात टाय बांधलेला एक विक्रेता होता. तो प्रत्येक वाक्याच्या शेवटी हसायचा, मग ते वाक्य काहीही असो. दुसरं दुकान पलीकडच्या इमारतीत जिन्याखाली. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि सुट्या भागांचा ढीग. त्या ढिगातून एक जाडसर कारागीर हवा तसा कॉम्प्युटर जुळवून देई. दुसऱ्याच्या कुठल्याही यंत्राकडे बघून "संपलंय हे" म्हणायची त्याला सवय होती. आणि तिसरं दुकान दाजींचं.

दाजी म्हणजे कोटेशनरावांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. घरात लहानथोर सगळे त्यांना दाजीच म्हणत. दाजींनी आयुष्यात बारा धंदे केले होते आणि प्रत्येक धंद्याचं एक स्मारक कोटेशनरावांच्या घरात होतं. पाणी गाळायची दोन यंत्रं होती. माळ्यावर छत्र्यांचा गठ्ठा होता. बैठकीच्या खोलीत अंग रगडणारी विजेची खुर्ची होती. तिचं बटण दाबलं की ती बसणाऱ्याला असा काही हिसका देई, की तिचा उपयोग आता इस्त्रीचे कपडे ठेवायला होत असे. हल्ली दाजींनी कॉम्प्युटरचं दुकान टाकलं होतं. त्यांना डावलून दुसरीकडे जायचं, म्हणजे वन्संच्या फोनला तोंड द्यायचं. वन्सं फोनवर ओरडत नसत. त्या नुसतं "बरं" म्हणत, आणि ते "बरं" पुढचे सहा महिने कानात वाजत राही.

कोटेशनराव तिन्हीकडे जाऊन आले. भाव विचारून झाला की कारखान्यातल्या जुन्या सवयीने त्यांनी तिघांनाही तेच एक वाक्य ऐकवलं. "हा नुसता पहिला नग आहे. ट्रायलला घरी लावून दाखवा. पास झाला तर पुढे बरंच काम निघेल."

कारखान्यात हे वाक्य ते रोज कुणाला ना कुणाला म्हणत. नटबोल्टवाले ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देत. पण हे तिघे पडले नवखे. ते वाक्य त्यांनी काळजात जपून ठेवलं.

असं करता करता पहिला शनिवार गेला. दुसरा तोंडावर आला. शुक्रवारी संध्याकाळी वहिनींचा धीर सुटला. "अहो, उद्या पाचला चित्रं द्यायचीत! तुमचं कोटेशन होईपर्यंत माझं पुस्तक दुसऱ्याच्या घरी जाईल."

"सगळं जमवलंय," कोटेशनराव शांतपणे म्हणाले. "उद्या सकाळी अकराला तिघंही येतायत."

"तिघंही? एकदम?"

"आमच्याकडे असंच असतं. सगळ्यांच्या समोर काय ते उघड होतं, मागाहून कुणाची कुरकुर नको. मी असेनच की. तासाभरात निकाल. पुढे अख्खी दुपार तुझी."

शनिवारी सकाळी दहाला कारखान्यातून फोन आला. पंपांची एक खेप गळत होती. ज्या वायसरमुळे गळत होती, तो वायसर कोटेशनरावांनीच तीन कोटेशनं मागवून निवडलेला होता. ते बूट घालता घालता दारातून म्हणाले, "नुसतं बसवून घे. काही ठरवू नकोस. हो म्हणू नकोस, नाही म्हणू नकोस. मी येतोच."

आणि गेले.

अकराच्या ठोक्याला टायवाला आला. त्याच्याबरोबरचं खोकं एवढं मोठं होतं, की आधी खोकं आत आलं आणि मग बऱ्याच वेळाने त्यामागून त्याचं हसू दिसलं. तो दोरी सोडतोय तोच दाजी आले. "वहिनी, घरचा माणूस असताना काळजी कसली!" असं म्हणत त्यांनी पाऊल आत टाकलं आणि टायवाल्याला बघून ते पाऊल तिथेच राहिलं. त्यांच्या पाठोपाठ जिन्याखालचा कारागीर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी खांद्यावर घेऊन वर आला. त्याने दाजींच्या खोक्याकडे पाहिलं, टायवाल्याच्या खोक्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "संपलंय हे."

"आपण कोण?" दाजींनी विचारलं.

"तुम्ही कोण?" कारागीर म्हणाला.

"मी या घरचा जावई!"

"मॅडम," टायवाला हसून म्हणाला, "साहेबांनी तर सांगितलं होतं की पुढे बरंच काम निघणार आहे. आमच्या मॅनेजरांनी कारखान्याचं काम म्हणून मुद्दाम मला पाठवलं."

"मला म्हणाला, दाजी, पुढे बरंच काम निघेल!" दाजी तडकले.

"मला पण तेच," कारागीर म्हणाला आणि चादर सोडू लागला.

वहिनींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एक कॉम्प्युटर घ्यायचा, आणि यजमानांनी तिघांना अख्खा कारखाना दाखवून ठेवलेला! त्यांना क्षणभर राग आला, मग हसू आलं आणि मग घड्याळाकडे लक्ष गेल्यावर दोन्ही पळालं. त्या कंबरेला पदर खोचून म्हणाल्या, "हे बघा, पुढचं मला काही ठाऊक नाही. ते साहेब आल्यावर त्यांना विचारा. मला आजचं ठाऊक आहे. आज पाचच्या आत मला तीन चित्रं काढून पाठवायचीत. ज्याच्या यंत्रावर निघतील तो पास. हीच ट्रायल."

तिघेही कामाला लागले. बैठकीच्या खोलीत तीन टेबलं नव्हती, म्हणून टायवाल्याला जेवणाचं टेबल मिळालं, दाजींना शिलाई मशीन आणि कारागिराला पोळपाट ठेवायचं स्टूल. क्लासमधून आणलेला चित्रांचा प्रोग्रॅम वहिनींनी तिघांनाही दिला. वायरींचं असं जाळं झालं, की स्वयंपाकघरात जायचं तर पाय मोजून टाकावे लागत.

टायवाल्याचा पडदा बघून वहिनी हरखल्या. काय ते रंग! त्यांनी दात काढायला घेतला. कवच झालं, हिरडी झाली, आतली नस झाली. कारागीर मागे उभा राहून बघत होता. त्याने आपला गाल धरला. "ताई, हीच दाढ. डावीकडून दुसरी. रात्रभर झोपू देत नाही."

टायवाल्याला वाटलं, आता आपण जिंकलो. त्याने इस्त्रीचे कपडे बाजूला केले आणि तो त्या खुर्चीत रेलला.

दाजींचे डोळे चमकले. "अरे, ही माझी खुर्ची! बसा, बसा. अजून चालते की नाही बघू." आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी बटण दाबलं.

फट्! पंखा थांबला, दिवा गेला, टायवाल्याचा पडदा काळा झाला. दात गेला. कवच, हिरडी, नस, सगळंच्या सगळं गेलं. वहिनी हातात माऊस धरून त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिल्या.

"सेव्ह केलं होतं ना, मॅडम?" टायवाल्याने विचारलं. या वेळी तो हसला नाही.

फक्त एक यंत्र चालू होतं, दाजींचं. त्याच्याखाली त्यांनी बॅटरीचा एक डबा लावून ठेवला होता, वीज गेली तरी तासभर चालणारा. "बघितलंत?" दाजी छाती फुगवून म्हणाले. "वीज गेली तरी आमचा माल बंद पडत नाही." वीज कुणी घालवली हे ते सोयीस्करपणे विसरले होते. घावही त्यांचाच आणि मलमही त्यांच्याच दुकानचं.

कारागिराने फ्यूज बघितला, "संपलंय हे" म्हणाला, आणि खिशातून तार काढून तो नीट केला. वीज आली. वीज आली तशी खुर्चीही आली, कारण तिचं बटण कुणी बंद केलंच नव्हतं. टायवाला अजून तिच्यात होता. "मॅ-मॅ-मॅ-डम, आ-आ-आमच्या स-सेवेत क-काही क-कमी..." एवढं त्याला बोलता आलं. दाजींनी प्लग उपटेपर्यंत त्याचा टाय पाठीवर गेला होता. त्या झटक्यानंतर त्याची पेटी काही केल्या सुरू होईना, पडदा तेवढा शाबूत राहिला.

आता बॅटरीच्या भरवशावर वहिनी दाजींच्या यंत्राकडे वळल्या. पण त्या यंत्राची चाल वन्संसारखी होती, बोलावल्यावर विचार करून येणार. रेघ ओढली की पाणी पिऊन यावं, तेव्हा ती पडद्यावर उमटे. आणि रंग? हृदयाला लाल दिला, तो हिरवट आला. निळा दिला, तोही हिरवट आला.

"दाजी, ह्या हृदयाला कावीळ झालीय."

"सवय झाली की लाल दिसतो, वहिनी. मी रोज बघतो."

राहिला कारागीर. त्याच्या पेटीला झाकण नव्हतं. "हवा लागली पाहिजे," तो म्हणाला. पण बटण दाबलं आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच ती सुरू झाली. पडद्यावर पांढऱ्या मिशांच्या एका भारदस्त गृहस्थांचा फोटो आला.

"हे कोण?"

"आधीचे मालक. जातील."

गृहस्थ गेले. रेघा झरझर उमटू लागल्या. इतक्या झरझर, की वहिनींच्या हातालाच मागे पडल्यासारखं झालं. पण त्याचा पडदा वहीएवढा, आणि त्याच्या मधोमध वरून खाली एक काळा पट्टा. हृदय त्या पट्ट्याने बरोबर दुभंगलं होतं. डावं कुठलं आणि उजवं कुठलं, शास्त्राच्या पुस्तकात हे असं चालणार कसं?

तीन वाजले होते. वहिनी खाली वायरींच्या जाळ्यातच बसल्या. त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. फुलदाणीतले ब्रश समोर दिसत होते. त्याच वेळी फोन वाजला. कोटेशनराव होते.

"काय म्हणतायत तिघं? काही ठरवलं नाहीस ना?"

"नाही."

"शाबास. तिघांतला एकच निवडायचा आहे, घाई नको. मी आल्यावर..."

पुढचं वहिनींनी ऐकलंच नाही. त्या खोलीकडे बघत होत्या. तो देखणा पडदा, ती बिनझाकणाची वेगवान पेटी, तो मुका बॅटरीचा डबा. तिघांतला एक! इतकी वर्षं या घरात तिघांतला एकच निवडला गेला होता. टोमॅटो असो, पंखा असो, की आणखी काही. पण एकच का? हा नियम पंपांचा. माझा थोडाच!

त्या ताडकन उठल्या. "दाजी, तो डबा इकडे आणा." मग त्या टायवाल्याकडे वळल्या. "तुमचा पडदा ह्यांच्या बिनझाकणाच्या पेटीला जोडा. पेटी डब्याला जोडा."

तिघेही एकदम बोलू लागले.

"मॅडम, वॉरंटीचं काय? आमचा पडदा असल्या उघड्या पेटीला..."

"माझ्या पेटीला काचेच्या दुकानातला पडदा? ताई, धंद्यात मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"वहिनी, घरच्या माणसाकडून नुसता डबा? हिला काय सांगू मी?"

वहिनींनी तिघांकडे एकेकदा पाहिलं. कोटेशनराव नटबोल्टवाल्यांकडे कसे बघतात ते त्यांना ठाऊक होतं. तसाच चेहरा कोरा करून त्या म्हणाल्या, "कुणाला जायचं असेल तर खुशाल जा. जो आधी जाईल तो नापास."

कुणीच गेलं नाही. टायवाला गुडघ्यांवर बसून पडदा सोडवू लागला. कारागीर आधी नाही नाही म्हणत होता, पण त्या पडद्यावर आपल्या पेटीचं काम बघितल्यावर त्याचा चेहरा असा उजळला, की दाढ दुखतेय हेही तो विसरला. "संपलंय..." असं म्हणून तो थांबला आणि वाक्य बदलून म्हणाला, "चांगलंय हे." हे शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडले असावेत, कारण त्यांचा आवाज जरा गंजलेला होता.

मग वहिनी बसल्या, आणि त्या बसल्या ते बघण्यासारखं होतं. पाठ ताठ, ओठ घट्ट, डोळे पडद्यावर. दात परत आला, आधीपेक्षा चांगला आला. कांद्याच्या सालीतल्या पेशी विटांसारख्या एकीला एक लागून बसल्या. मग हृदय. लाल लाल झालं, निळं निळं झालं, कप्पे उघडले, झडपा लागल्या. दर थोड्या वेळाने तिघेही एका सुरात म्हणत, "सेव्ह!" टायवाल्याने चहा केला. दाजी खुर्चीच्या प्लगवर हात ठेवून पहाऱ्याला बसले, न जाणो तो आपोआप आत गेला तर! शेवटची झडप झाली. हृदय इतकं जिवंत दिसत होतं, की कारागिराने नकळत आपल्या छातीवर हात ठेवला.

पाचला थोडाच वेळ उरला होता. वहिनींच्या मोबाइलचं इंटरनेट जोडून चित्रं पाठवायला घेतली. दात गेला. कांदा गेला. हृदय अर्ध्यावर आलं आणि मोबाइल वाजला. कोटेशनराव! फोन आला की इंटरनेट तुटे. हृदय अडलं. वहिनींनी फोन कापला, पुन्हा पहिल्यापासून पाठवायला घेतलं. पुन्हा अर्ध्यावर, पुन्हा कोटेशनराव. पुन्हा कापला.

"ते तिसऱ्यांदा करणार," वहिनी घाबरून म्हणाल्या. "ते काहीही तीनदा केल्याशिवाय सोडत नाहीत."

"माझ्यावर सोडा," दाजी म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या फोनवरून मेव्हण्याला फोन लावला. "हॅलो! काही विशेष नाही रे. म्हटलं तुला आमच्या दुकानाची नवी योजना सांगावी." दाजींच्या हातून आजवर कुणाची सुटका झाली नव्हती, कोटेशनरावांची काय होणार! पलीकडून "दाजी, ऐका, दाजी" असा क्षीण आवाज येत राहिला आणि इकडे हृदय इंचाइंचाने पुढे सरकलं. वन्सं या माणसाला इतकी वर्षं कसं सहन करतात, हे कोडं वहिनींना नेहमी पडायचं. आज पहिल्यांदाच त्यांना दाजींच्या पाया पडावंसं वाटलं.

"गेलं!" टायवाला ओरडला. त्याने कारागिराला मिठी मारली. घड्याळात पाच व्हायचे होते.

साडेपाचला कोटेशनराव आले. दारात चपला-बुटांचा ढीग, खोलीत वायरी, टेबलावर एक न ओळखू येणारं यंत्र आणि त्याच्याभोवती तिघे स्पर्धक एकाच बशीतली बिस्किटं खात बसलेले. त्यांच्या आयुष्यात त्यांनी अशी ट्रायल पाहिली नव्हती.

"या साहेब," टायवाला उठून हसला. "माल पास झाला. तिघांचाही. आता ते पुढचं काम कधी काढताय?"

"हो रे," दाजी म्हणाले. "पुढे बरंच काम निघणार होतं ना?"

कोटेशनरावांच्या तोंडचं पाणी पळालं. ते छताकडे बघू लागले. "त्याचं असं आहे, की सर्व बाबींचा विचार करता..."

तेवढ्यात वहिनींचा फोन वाजला. संपादकबाई होत्या. वहिनी खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. खोलीत कुणी बिस्कीटसुद्धा चावलं नाही.

"हो... हो... अय्या, खरंच?" वहिनींचा आवाज चढला. "अख्खं पुस्तक? ...हो, रंग चांगले आलेत ना? ...कुठून घेतला म्हणजे..." त्या मागे वळल्या. त्यांनी तिघांवरून नजर फिरवली आणि मग ती कोटेशनरावांवर आणून थांबवली. "तुमच्या चौघा चित्रकारांसाठी? चार कॉम्प्युटर, अगदी असेच? ...हो, सांगते ना. माणसं इथेच बसलीत. सोमवारी तिघांनाही घेऊनच येते."

फोन ठेवून त्या म्हणाल्या, "घ्या. पुढचं काम निघालं."

दाजींनी असा आरडाओरडा केला, की वरच्या मजल्यावरचे खाली डोकावले. टायवाला मॅनेजरांना फोन लावायला जिन्यात धावला. कारागीर आपल्या पेटीवरून मायेने हात फिरवत होता. एकटे कोटेशनराव दाराशीच उभे होते. बायकोच्या पुस्तकाचा आनंद त्यांच्या डोळ्यांत मावत नव्हता. पण सवय ती सवय.

"अगं, फार छान झालं," ते घसा साफ करून म्हणाले. "पण चार नगांची खरेदी आहे. त्या बाईंना सांग, रीतसर तीन कोटेशनं मागवा म्हणावं."

"मागवलीत की. चहा पितायत."

सगळे गेल्यावर कोटेशनराव हळूच त्या यंत्रासमोर जाऊन बसले. वहिनींनी बटण दाबलं, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ येऊन गेले, आणि पडद्यावर ते लालभडक हृदय उघडलं. कोटेशनराव पडद्याजवळ वाकले. मग म्हणाले, "तुला माझं कौतुक वाटो न वाटो, मला तुझं वाटतं." आणि इतक्या वर्षांत जे विचारायचं त्यांना सुचलं नव्हतं ते विचारून बसले, "एक सांग. माझ्या वेळी तू किती कोटेशनं मागवली होतीस?"

"एकच," वहिनी म्हणाल्या.

"एकच?" कोटेशनराव हादरले. "तुलना न करता? आणि सरळ पास केलंस?"

"पास कुणी केलं?" वहिनी फुलदाणीतले ब्रश काढून पुसत होत्या. "अजून ट्रायल चालू आहे."

कोटेशनराव उठले, टेबलावरच्या रिकाम्या कपबश्या त्यांनी गोळा केल्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणालाही न विचारता त्या विसळायला घेऊन गेले.